दुकानदार जॉन वुलमन

ईश्वराचें भय प्रार्थनेपुरतें आणि वहीखात्यांत त्याचें काय काम, असें मानणारे व्यापारी सर्वच देशांत आढळतात. त्यांनीं जॉन वुलमन याचें चरित्र पाहावें. हा अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांताचा, १७२० सालीं जन्मलेला क्वेकर पंथाचा ख्रिस्ती. तरुणपणीं दुकानांत नोकर असतां धन्यानें त्यास एका आफ्रिकन दासीचें विक्रीपत्र लिहावयास सांगितलें. त्यानें तें लिहिलें. पण हा व्यवहार ख्रिस्ती धर्मास सोडून आहे, हें धन्यास व खरीददारास तोंडावर सांगितलें. कायदेशीर दस्तऐवजास नाहीं म्हणण्यास किती छाती लागते, हें आम्हां वकिलांस चांगलें ठाऊक आहे! पुढें त्यानें तेंही केलें. एका जखमी शेजाऱ्याचें मृत्युपत्र त्यानें लिहिलें, मात्र गुलाम मुलीचें कलम वगळलें. शेजारी तिला मुक्त करण्यास कबूल झाला, तेव्हांच तें पुरें केलें.

स्वतःचें दुकान भरभराटीस येतांच, वाढता पसारा चित्तास जड होतो म्हणून, १७५६ सालीं त्यानें तें आवरलें व शिंपीकामावर चरितार्थ चालविला. बुडीत धंदे सोडणारे पुष्कळ; चालता धंदा सोडणारा विरळा. रंग मळ झांकतो म्हणून तो बिनरंगी कपडे वापरी, लोक हंसत.

१७७२ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें तो वारला. १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेनें गुलाम बाळगणाऱ्यांस पंथाबाहेर काढण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या कित्येक देशभक्तांच्या घरीं मात्र गुलाम राबतच होते.