सफाईचे काम मागणारा कैदी

मालवणहून कसालमार्गे कणकवलीला जाताना गोपुरी आश्रम आला की माझे मन हटकून अप्पासाहेब पटवर्धनांकडे वळते. १८९४ साली जन्मलेला, उत्तम शिकलेला हा माणूस सुखाची नोकरी सोडून गांधीजींकडे गेला आणि ‘कोकणचे गांधी’ झाला.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पांनी संडास-सफाईचे काम मागितले. इंग्रजांच्या तुरुंगनियमांत कामे जातवार वाटलेली! उच्चवर्णीय कैद्याला ते काम नाकारले गेले. अप्पांनी अन्न कमी केले. डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्यांनी गोपुरी उभारली. कमी खर्चाचे संडास, मैल्याचे खत, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा उद्योग. ग्रामविकासाची सुरुवात त्यांनी गावाने नाक मुरडलेल्या कामापासून केली. १९७१ साली ते गेले.

आपला सिंधुदुर्ग २०१६ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, याचा मला अभिमान वाटतो. पण तुरुंगातल्या जातवार कामाचे नियम अनेक राज्यांत तसेच होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ रोजी! साहेब गेला, त्याचे नियमाचे पुस्तक मात्र मागे राहिले.

आराखड्यात संडासांची संख्या भरते. ते साफ कोण करतो, हा अप्पांचा प्रश्न मात्र रकान्याबाहेरच राहतो. उद्याच्या ग्रामसभेत तो आपणच विचारायला नको का?