दोन कानांचा अभियंता

संगणकावर ध्वनिमुद्रण करण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले, की प्रत्येक ट्रॅकपाशी ‘पॅन’ नावाचे एक छोटे बटण दिसते. ते डावीकडे फिरवले की तबला डाव्या स्पीकरकडे सरकतो, उजवीकडे फिरवले की उजव्या. घरच्या खोलीत स्टुडिओ थाटणाऱ्या आजच्या तरुणाला यात काहीच नवल वाटत नाही. मात्र आवाजाबरोबर त्याची जागाही मुद्रित करता येते, हे लंडनच्या एका अभियंत्याने १९३१ मध्येच सप्रमाण मांडले होते. त्यांचे नाव अ‍ॅलन डॉवर ब्लुमलाइन.

२९ जून १९०३ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी घरातील दाराची घंटा दुरुस्त करून त्यांनी वडिलांना रीतसर बिल दिले, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाई. वाचन मात्र त्यांना बरेच उशिरा जमले. पुढे अभियांत्रिकीची पदवी त्यांनी प्रथम वर्गात मिळवली आणि टेलिफोनच्या क्षेत्रात नाव कमावले. १९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाले. ध्वनिमुद्रणाच्या अमेरिकी यंत्रणेसाठी कंपनीला रॉयल्टी मोजावी लागत असे. त्या पेटंटांना स्पर्श न करता नवी यंत्रणा उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपवले गेले आणि त्यांनी ते तडीस नेले. १९३१ मध्ये विलीनीकरणातून ‘ईएमआय’ जन्माला आली.

त्याच वर्षी भावी पत्नी डोरीन यांच्यासमवेत बोलपट पाहताना त्यांना एक गोष्ट खटकली. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई, पण त्याचा आवाज एकाच जागी खिळलेला राही. यावर आपल्याला उपाय सापडला आहे, असे त्यांनी तेथेच सांगितले. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज दाखल केला. त्यात तब्बल ७० दावे होते. परस्परांशी काटकोनात ठेवलेले दोन मायक्रोफोन, तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी, दोन्ही संकेतांची बेरीज व वजाबाकी करून ध्वनीचा विस्तार कमी-जास्त करण्याची रीत. सारे एकाच दस्तऐवजात! आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिड-साइड’ या नावाने जे दिसते, ते याच बेरीज-वजाबाकीवर चालते.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे या पद्धतीने प्रायोगिक मुद्रण झाले. १९३५ मध्ये हेज स्थानकावरील आगगाड्यांचा लघुपटही तयार झाला. त्यात गाडीबरोबर तिचा आवाजही सरकतो. पण मंदीच्या त्या काळात दोन स्पीकर घेणार कोण? कंपनीने हे काम बाजूला ठेवले व ब्लुमलाइन यांना दूरचित्रवाणीकडे वळवले. हा निर्णय अदूरदर्शी होता, असे म्हणणे आज सोपे आहे. परंतु नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने सुरू केलेल्या नियमित दूरचित्रवाणीतील ४०५ रेषांच्या यंत्रणेत त्यांचा मोठा वाटा होता, हेही विसरता येत नाही.

महायुद्धात ते रडारच्या संशोधनात गुंतले. अंधारात व ढगांआडून जमिनीचे चित्र दाखवणाऱ्या ‘एच-टू-एस’ या रडारची चाचणी सुरू असताना, ७ जून १९४२ रोजी त्यांचे हॅलिफॅक्स विमान हेरफर्डशायरमध्ये कोसळले. इंजिनाला आग लागली होती. विमानातील अकराही जण मृत्युमुखी पडले. ब्लुमलाइन अवघे ३८ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे जमा होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांच्या कार्याची माहिती देणारा मृत्युलेखही तेव्हा छापला गेला नाही. विसाव्या शतकातील एवढ्या मोठ्या अभियंत्याचे नाव सामान्य श्रोत्यांना अपरिचित राहिले, त्याचे एक कारण हेच.

स्टीरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्यांच्या खाचेची रचना ब्लुमलाइन यांच्या आराखड्यातील तत्त्वावरच बेतलेली होती, पण पेटंटची मुदत तोवर संपून गेली होती. २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ७५ वर्षांनी, त्यांना तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.