अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मला संकोचच वाटला. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. पण मंडळाच्या कपाटातले ताराबाई मोडक यांच्यावरचे पुस्तक मी गेल्या वर्षी घरी नेले आणि ते वाचताना माझ्याच चुका मला दिसू लागल्या. म्हणून त्या माउलीची हकिकत माझ्या साध्या शब्दांत सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेर केळकरांचे. वडील सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे, सुधारक विचारांचे. मुलींना शिकवणे लोकांना रुचत नसे त्या काळात ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहानगी मुलगी होती. अशा वेळी एखादी बाई खचून गेली असती. ताराबाईंनी राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात मोठ्या पदाची नोकरी धरली.

त्याच प्रांतात भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या माँटेसोरीबाईंचे विचार वाचून ते ह्या कामाकडे वळले होते. त्यांच्याकडे छडी नव्हती, धाक नव्हता. मुले हाताने करून, खेळून, गाणी म्हणून शिकत. ताराबाई १९२३ साली राजकोटची नोकरी सोडून तेथे दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

येथवर वाचले तेव्हा मला माझा थोरला मुलगा आठवला. तो तीन वर्षांचा होता तेव्हा आम्ही कांदे काढायला जायचो. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पोर बाहेर जाऊ नये म्हणून मी त्याला बागुलबुवाची भीती घालायची आणि कडी लावून जायची. रात्री पाटीवर अक्षर चुकले की हातावर फटका बसायचा. शिस्त लागावी एवढाच माझा हेतू. पण पोर मिटून गेले. शाळेत गेल्यावर उत्तर येत असूनही तोंड उघडेना; अंधाराला तर कितीतरी वर्षे भ्यायचा. लोक त्याला मठ्ठ म्हणत आणि मीही ते खरे मानले. मूल मठ्ठ नव्हते, भ्यालेले होते, हे मला फार उशिरा कळले.

आता डॉक्टर मंडळी सांगतात की, जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिश्शाएवढा असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत तो आकाराने जवळजवळ नऊ दशांश वाढतो. आपण बोललो, कडेवर घेतले, हसलो, गोष्ट सांगितली की त्यात जोड तयार होतात. ज्या जोडांचा उपयोग होत नाही, त्या गळून जातात. सतत भीती, मारहाण, उपासमार वा एकटेपणा वाट्याला आला, तर ते मन कायम सावध राहते आणि शिकण्याकडे लागत नाही. ताराबाईंच्या वेळी हे आकडे हाती नव्हते, पण मुलांकडे निरखून पाहणारी नजर होती.

शहरातल्या बालवाडीत सुखवस्तू घरची मुले येत. ज्यांची आई मजुरीला जाते त्यांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडीना. म्हणून १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी (आता हे गाव पालघर जिल्ह्यात आहे) ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. मोरगावच्या अनुताई वाघ, ज्या स्वतः बालविधवा होत्या, त्यांच्या जन्माच्या सोबतीण झाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथला. आधी मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी आणि खेळ. महागडी साधने नव्हतीच. खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरे. थोरल्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून शाळा बुडते, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी केली.

सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज देशात तेरा लाखांवर अंगणवाड्या आहेत. अनुताईंनी १९९२ सालापर्यंत, आपल्या मरणापर्यंत, काम चालवले.

भगिनींनो, सुप्याला आता कारखाने आले. परगावची, परराज्यांतली कुटुंबे खोल्या घेऊन राहतात. आई-बाप दोघे कामावर, मूल कडीच्या आत. कांद्याच्या दिवसांत आपल्या पोरांचीही तीच गत. आपल्या मंडळाच्या ओट्यावर रोज दुपारी दोन तास, दोघी-दोघींनी पाळीपाळीने ह्या मुलांना बसवावे, गोष्टी सांगाव्या, चिंचोक्यांचा खेळ मांडावा. पैसा लागणार नाही. पहिली पाळी मी घेते.

माझा मुलगा आता मोठा झाला, नोकरी करतो. मायेने बोलत राहिले तसा तो हळूहळू मोकळा झाला. मुले सावरतात, हेही खरे. पण त्याचे तिसरे वर्ष मला परत आणता येत नाही. तुमच्या घरी ज्यांचे तिसरे वर्ष अजून यायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले. चूकभूल पदरात घ्यावी.