महामहोपाध्याय काणे आणि व्यवहारधर्म

आपला बेळगाव-निपाणीचा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता व येथील दाव्यांची अपिले मुंबईच्या उच्च न्यायालयात चालत. त्या काळी ऋणको हिंदू असला, तर सावकारास एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. शंभर रुपयांवर व्याज कितीही साचले, तरी व्याजापोटी शंभरांच्या वर मागणी चालत नसे. यासच दामदुपट म्हणत. तंबाखूच्या पिकावर ज्यांची उचल फिटावयाची, त्या घरांना या नियमाचे मोल सांगावयास नको. १८७२ साली कराराचा कायदा झाला, तरी मुंबईच्या न्यायमूर्तींनी हा नियम टिकवून धरला. त्याचे मूळ मनुस्मृतीत आहे.

अशा नियमांचा समग्र इतिहास ज्यांनी लिहिला, ते भारतरत्न पांडुरंग वामन काणे. त्यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणनजीक परशुराम क्षेत्राच्या परिसरात झाला. वडील दापोलीस वकिली करीत. पांडुरंगपंतांनी प्रथम रत्नागिरीस व नंतर मुंबईस शाळामास्तरकी केली आणि ती करीत असतानाच कायद्याच्या परीक्षा दिल्या. १९११ पासून ते उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९१७ ते १९२३ या काळात मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते प्राध्यापकही होते.

१९२६ साली त्यांनी नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख संपादून प्रसिद्ध केला. त्यास धर्मशास्त्राच्या इतिहासाचे एक लहानसे प्रकरण जोडावे, असा विचार होता. ते प्रकरण वाढता वाढता पाच खंडांचे झाले! पहिला खंड १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. पृष्ठे साडेसहा हजारांवर. पोटाच्या व्रणाने ते जन्मभर त्रस्त होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या उद्योगाची कल्पना येते.

व्यवहार म्हणजे न्यायालयात चालणारा वाद. आपल्या शास्त्रकारांनी त्याची अठरा पदे मानली, आणि त्यांत कराराचाच भाग मोठा आहे. ऋणादान म्हणजे कर्जाची देवघेव, निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव, संभूयसमुत्थान म्हणजे भागीदारी, वेतनादान म्हणजे मजुरीचा तंटा. विकत घेऊन पस्तावलेल्या गिऱ्हाइकासाठीही क्रयविक्रयानुशय हे निराळे पद आहे. तिसऱ्या खंडात काण्यांनी हे सारे मूळ वचनांसह मांडले व त्यास इंग्रजी अमदानीतील निकालांची जोड दिली. पोथी आणि कोर्ट या दोन्हींत वावरलेल्या माणसालाच हे साधावे.

कात्यायनाची व्यवहारावरील स्मृती मूळ स्वरूपात नष्ट झाली होती. निबंधकारांनी जागोजागी उद्धृत केलेली तिची वचने वेचून काण्यांनी नऊशेंहून अधिक श्लोकांची स्मृती १९३३ साली पुन्हा उभी केली. आमच्या मते मोठ्या ग्रंथाच्या छायेत हे काम उगाच झाकले गेले.

आपल्या भागातील वारसाहक्काचे दावे ज्या मिताक्षरेवरून तुटत, ती विज्ञानेश्वरांनी चालुक्य विक्रमादित्याच्या कारकीर्दीत लिहिली. त्या राजाची राजधानी कल्याण, म्हणजे कर्नाटकातीलच. कन्नड मुलुखातील त्या पंडिताचे ऋण कोकणच्या या वकिलाने पानोपानी मान्य केले आहे.

१९४२ साली महामहोपाध्याय ही पदवी, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पुढे राज्यसभेचे सदस्यत्व आणि १९६३ साली भारतरत्न, असे मान त्यांना लाभले. १८ एप्रिल १९७२ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.