भयकथाकार कै. नारायण धारप

आपल्या स्मरणिकेत संत, वीर आणि दानशूर पुरुषांची चरित्रे नेहमी येतात, व ते योग्यच आहे. तथापि ज्या लेखकाने माझ्या पिढीतील शाळकरी मुलांस कंदिलाच्या उजेडात पुस्तके वाचावयास लावले, त्याचे स्मरण करणे हेही एक निवृत्त शिक्षक ह्या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो. ते लेखक म्हणजे कै. नारायण धारप होत.

धारपांचा जन्म १९२५ साली झाला. त्यांचे शिक्षण विज्ञान शाखेचे. भुताखेतांच्या कथा लिहिणारा मनुष्य विज्ञानाचा पदवीधर असावा, ह्याचे अनेकांस नवल वाटे. परंतु ह्या शिक्षणाची शिस्त त्यांच्या लेखनात पदोपदी दिसते. त्यांच्या कथेत आरडाओरड नसते. साधेसुधे मध्यमवर्गीय कुटुंब, एखादा जुना वाडा, नेहमीचे व्यवहार. आणि त्यात हळूहळू शिरणारे काहीतरी अनोळखी, अशी त्यांची मांडणी असे. त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांत विज्ञानकथाही आहेत.

त्यांची सर्वांत लोकप्रिय व्यक्तिरेखा ‘समर्थ’ ही होय. अमंगल शक्तींनी ग्रासलेल्या निराधार माणसांच्या मदतीस हे समर्थ धावून जात. इंदापूर तालुक्यातील आमच्या गावी १९७५ च्या सुमारास बारामतीच्या वाचनालयातून आणलेले असे एक पुस्तक आठ-दहा मुलांच्या हातांतून फिरे. वाचून झाल्यावर परसात एकट्याने जाण्याचे धैर्य आम्हांस होत नसे. पण अखेर समर्थ येतील, ह्या भरवशावर झोप लागे. भय दाखवून त्यातून सुखरूप बाहेर काढणे, हे धारपांचे खरे सामर्थ्य होते.

त्यांच्या काही कथानकांची बीजे परदेशी आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग ह्या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली आहे. मात्र ते बीज त्यांनी मराठी मातीत असे रुजविले की, ते परके वाटत नाही.

समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. आम्ही शिक्षकही त्यास अपवाद नव्हतो. एकदा वर्गात बाकाखाली धारपांचे पुस्तक वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून मी ते काढून घेतले, आणि त्याच रात्री स्वतः वाचून संपविले. क्रमिक पुस्तकाचे एक पान धड न वाचणारा तो मुलगा ह्या पुस्तकाची दोनशे पाने वाचत होता, हे ध्यानी येताच मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केले व पुढील भाग मीच त्यास आणून दिला.

धारप २००८ साली निवर्तले. पुढे २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ ह्या हिंदी चित्रपटामागे त्यांच्या कथेची प्रेरणा होती. ज्यास कमी लेखले, त्याचे ऋण असे उशिरा मान्य झाले.

समाजातील पालकांस माझी एकच विनंती आहे : मुलाच्या हाती भयकथा दिसली तर ती हिरावून घेऊ नये. वाचनाची गोडी कोणत्या दाराने घरात येईल, हे सांगता येत नाही.