पडद्यामागची लेनी

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब झाले, चहा झाला आणि एकीने मोबाइलवर सैनिकांचा एक व्हिडिओ लावला. मागे भारदस्त संगीत, वाट बघणारी आई, फडकणारा झेंडा. आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले, मग रागही आला. पण नेमकं काय घडलं होतं, असं विचारलं तर एकीलाही धड सांगता येईना. घरी येताना मला सारखी लेनी रिफेनश्टाल आठवत होती.

लेनीचा जन्म १९०२ मध्ये बर्लिनचा. वडिलांचा विरोध पत्करून ती नृत्य शिकली. गुडघा दुखावला आणि नाच सुटला, पण ही रडत बसणारी नव्हती. डोंगरदऱ्यांत चित्रित होणाऱ्या सिनेमांत ती नायिका झाली, बर्फात कडे चढली. १९३२ मध्ये तर तिने स्वतःच 'द ब्लू लाइट' हा सिनेमा दिग्दर्शित केला. बाई दिग्दर्शक ही तेव्हा नवलाची गोष्ट! इथवरची तिची गोष्ट आपल्या मुलींना सांगावी अशीच.

त्याच वर्षी तिने हिटलरचं भाषण ऐकलं आणि भारावून जाऊन त्याला पत्र लिहिलं. पुढे हिटलर सत्तेवर आला. १९३४ च्या सप्टेंबरमध्ये न्यूरेंबर्गला नाझी पक्षाचं अधिवेशन भरलं, त्याचं चित्रीकरण लेनीकडे आलं. दिमतीला तीसेक कॅमेरे आणि दीडशेहून जास्त माणसं. उंचावरून गर्दी टिपता यावी म्हणून ध्वजाच्या खांबाला चक्क लिफ्ट बसवली होती.

१९३५ मध्ये 'ट्रायम्फ ऑफ द विल' पडद्यावर आला. सुरुवातीलाच ढगांतून विमान उतरतं, जणू देवच खाली येतोय. मग हसरे चेहरे, आणि कडेवर लेकरू घेऊन हिटलरला फुलं देणारी एक आई. कॅमेरा खालून वर बघतो, त्यामुळे नेता मोठा दिसतो आणि माणसांच्या शिस्तबद्ध रांगा मुंग्यांसारख्या. समजावून सांगणारा निवेदक नाहीच. विचार करायला वेळच द्यायचा नाही, नुसतं भारावून टाकायचं!

नंतर तिने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर 'ऑलिम्पिया' केला. ध्यानचंद यांच्या संघाने आपल्याला हॉकीचं सुवर्ण मिळवून दिलं, तेच हे ऑलिम्पिक.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं. चित्रीकरणासाठी लेनी पोलंडला गेली. तिथे कोन्स्की गावात सैनिकांनी ज्यूंना गोळ्या घातल्या, तेव्हा ती तिथेच होती. तिचा हादरलेला चेहरा एका फोटोत दिसतो. तरीही पुढच्याच महिन्यात तिने वॉर्सामधलं हिटलरचं विजयी संचलन चित्रित केलं.

याहून मला टोचते ती पुढची गोष्ट. 'टीफलँड' या सिनेमासाठी तिने रोमा आणि सिंती या भटक्या समाजातली माणसं छावण्यांतून आणली. त्यांत लहान मुलंही होती. काम संपल्यावर त्यांच्यातल्या अनेकांची रवानगी आउश्वित्झच्या मृत्युछावणीत झाली. मी भटक्यांच्या पालांवर काम करते, म्हणून ती पोरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. युद्धानंतर आपण त्या सगळ्यांना भेटलो, असं लेनी सांगत असे. २००२ मध्ये, वयाच्या शंभरीत, तिला ते विधान मागे घ्यावं लागलं.

न्यायाधिकरणांनी तिला गुन्हेगार ठरवलं नाही, राजवटीच्या मागे गेलेली एवढाच शिक्का मारला. २००३ मध्ये ती वारली. आपण कलावंत, राजकारणाशी आपला संबंध नाही, हे पालुपद तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

गंमत बघा, अमेरिकेत फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाने १९४२ पासून सैनिकांसाठी 'व्हाय वुई फाइट' ही मालिका केली. त्यात लेनीचीच दृश्यं घेतली आणि निवेदन मात्र उलटं जोडलं. चित्र तेच, पण तिकडे अभिमान वाटायचा नि इकडे संताप! म्हणजे आपल्याला काय वाटावं, हे जोडणाराच ठरवत असतो.

म्हणून आता गटात मी एक सवय लावतेय. व्हिडिओ बघून ऊर भरून आला की तो पुढे पाठवायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या : हा कुणी केला, कशासाठी केला आणि यात कोण दिसत नाही? आपण बाजारात भाजीसुद्धा उलटीपालटी करून घेतो. मग मनात शिरणारी गोष्ट तशीच कशी आत घ्यायची?