डॉ. होमी भाभा

घरात सहावी-नववीतले मूल असले की होमी भाभांच्या नावाची बालवैज्ञानिक परीक्षा आपणां भगिनींना ठाऊक होतेच. परीक्षेला ज्यांचे नाव दिले, ते डॉ. होमी जहांगीर भाभा ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात जन्मले. मुलाने विलायतेत इंजिनिअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा. केंब्रिजला होमींनी आधी वडिलांचा शब्द राखला, पहिला वर्ग मिळविला आणि मगच आपल्या आवडीच्या गणिताकडे व पदार्थविज्ञानाकडे ते वळले.

विश्वकिरणांचा एखादा कण आकाशातून वातावरणात शिरतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत कणांचा वर्षावच खाली येतो. या वर्षावाचे गणित त्यांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ मध्ये मांडले आणि युरोपात त्यांचे नाव झाले.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर घरी आले, तोच महायुद्ध पेटले. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी काम धरले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतणे अवघड नव्हते. पण १९४४ च्या मार्चमध्येच त्यांनी टाटांच्या विश्वस्तांकडे मूलभूत संशोधनाची संस्था मागितली होती. ती १९४५ मध्ये निघाली. मुंबईत तिचा पहिला संसार पेडर रोडवरच्या एका बंगल्यातील भाड्याच्या जागेत!

माणूस आधी हेरावा, खाते मागाहून उभारावे, अशी त्यांची रीत. १९४९ मध्ये त्यांनी बिभा चौधुरी यांना संस्थेत घेतले. प्रयोगशाळेत बाई दिसणे हेच तेव्हा नवल होते. बिभाताई दार्जिलिंगच्या डोंगरावर याच विश्वकिरणांच्या मागे लागलेल्या, पुढे मँचेस्टरला शिकलेल्या. त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणींच्या कानावर आले असेल?

भाभांवर टीकाही झाली. पैसा अशा स्वतंत्र संस्थांकडे वळला, तर विद्यापीठे कोरडी पडतील, असे मेघनाद साहांसारख्यांचे म्हणणे होते. ते अगदीच खोटे ठरले असे म्हणवत नाही. भाभांची संस्था स्वतः २००२ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली.

अणुशक्ती आयोगाची धुरा त्यांनी १९४८ पासून वाहिली. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांचे वेड मात्र सुटले नाही. लग्न त्यांनी केले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघाले असता माँ ब्लां शिखरावर विमान कोसळले आणि छप्पन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या दिसतात ना, त्या त्यांच्याच संस्थेने उभारल्या.